एका माणसाचं आवतण

"चूलबंद हाय बरं का! उद्या दुपारी समद्यांनी यायचं!" म्हाळू शेजारच्या दारात उभा राहून ओरडला, तेव्हा हौसराव ओसरीवर लसूण सोलत बसले होते. ते ऐकून त्यांनी सवयीनं मान वळवून आत पाहिलं. आत फ्रीज होता. मग म्हाळू त्यांच्या दारात आला, टोपी जरा मागं सारली आणि आवाज खाली घेऊन म्हणाला, "आबा, तुमाला एका मानसाचं हाय." हौसराव "बरं" म्हणाले. म्हाळू पुढच्या दारात गेला आणि तिथं त्याचा आवाज पुन्हा होता तेवढा झाला. "चूलबंद हाय, समद्यांनी यायचं!" हौसरावांच्या बोटांत लसणाची एक पाकळी होती. ती त्यांनी सोलली, सोललेलीच पुन्हा सोलली, आणि मग तिच्यात काही उरलं नाही.

चार घरं पलीकडच्या बाळासोनं घरावर माडी चढवली होती, तिची उद्या वास्तुशांत. छापील पत्रिका आल्या, व्हॉट्सॲप आलं, तरी शिरूरच्या या नदीकडच्या गल्लीत म्हाळूनं दारात येऊन सांगितल्याशिवाय जेवण लागू होत नाही. त्यातही सांगण्यात फरक असतो. एका माणसाचं म्हणजे घरातल्या कुणीतरी एकानं जाऊन जेवून यावं, बाकीच्यांनी घरी आपलं आपण बघावं. चूलबंद म्हणजे पाळण्यातल्या पोरापासून मुक्कामाला आलेल्या पाहुण्यापर्यंत झाडून सगळ्यांनी. त्या वेळेला त्या घरात चूल पेटवायची नाही, पेटवली तर बोलावणाऱ्याचा अपमान. आता हौसरावांच्या घरात हौसराव एकटेच. एका माणसाचं म्हटलं तरी एक पान, चूलबंद म्हटलं तरी एकच पान. कुठल्याही कॅलक्युलेटरवर करून पाहिलं तरी बाळासोला त्यांच्यामुळं बुंदीचा दाणा जास्त लागणार नव्हता की कमी. हे त्यांना पटत होतं. पटूनही ते उठले नाहीत, आणि म्हाळू गल्ली संपवून परत चालला तेव्हा त्यांनी त्याला हाक मारली.

"म्हाळू, आमच्या घरात चूल न्हाई व्हय रं?"

म्हाळूनं दारावरच्या पाटीकडं पाहिलं. पाटी सागवानी होती, तिच्यावर 'हौसरावांची पंगत' असं लिहिलं होतं. ती पुण्याहून करून आणलेली होती आणि मुद्दाम जुनी दिसेल अशी घासलेली होती. "आबा, तुमची चूल बंद ठिवून कसं चालंल? तुमचा धंदा हाय त्यो. पुन्याच्या गाड्या येत्यात. उद्या आमी डेपोत जाऊन म्हनायचं व्हय, आज आमच्यात जेवान हाय, यष्ट्या बंद ठिवा?" हे तो अभिमानानं म्हणाला. गल्लीत एवढा मोठा माणूस राहतो याचा त्याला खरंच आनंद होता. हौसराव हसले. म्हाळू गेला. लसणाचा वास बोटांना होता, तो नाकाशी आला आणि तसाच राहिला.

धंदा ही गोष्ट तशी खोटी नव्हती. दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता दहा अनोळखी माणसं त्यांच्या माजघरात जेवायला बसत. ही कल्पना तेजश्रीची, म्हणजे त्यांच्या मुलीची. ती पुण्यात एका कंपनीत आहे. कंपनी नेमकं काय करते हे हौसरावांनी चार वेळा विचारून सोडून दिलं होतं. "पप्पा, लोक हॉटेलला कंटाळलेत," ती म्हणाली होती, "त्यांना कुणाच्यातरी घरी जाऊन जेवायचंय." "मग त्यास्नी नातेवाईक न्हाईत का?" "आहेत ना. त्यांच्याकडं नाही जायचं." पहिल्या शनिवारी तेजश्रीच्या मैत्रिणी आल्या, मग मैत्रिणींचे साहेब, मग रांजणगावच्या कारखान्यांतले मॅनेजर परदेशी पाहुणे घेऊन आले. एका मासिकात फोटो आला, त्यात हौसराव परातीकडं बघून हसत होते. आयुष्यात परातीकडं बघून ते कधी हसले नव्हते. मग अजून एक मासिक. दोन वर्षांत तेजश्री त्याला करिअर म्हणू लागली. माणूस साठाव्या वर्षी रिटायर होतो आणि चौसष्टाव्या वर्षी त्याला करिअर लागतं, आणि सगळे म्हणतात नशीब काढलं. बुकिंगच्या पानावर जेवणात काय काय मिळेल याची यादी होती. मासवडी, रस्सा, बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, आणि शेवटी 'आग्रह समाविष्ट'.

त्याच पानावर तेजश्रीनं त्यांना एक आजी करून दिली होती. मासवडी आजीची, मसाला आजीचा, जात्यावर म्हणे आजी. खरी आजी मांडवगणला होती, आणि ती अशी भाकरी करायची की दारचं कुत्रं ती तोंडात धरून लांब नेऊन पुरून यायचं. पण शनिवारी टेबलापाशी उभं राहून हौसराव नव्या आजीबद्दल बोलू लागत आणि बोलता बोलता त्यांचाही डोळा ओला होई. मसाला खरा गुंटकलच्या एका ड्रायव्हरचा होता. तीस वर्षं हौसराव दौंडला रेल्वेच्या रनिंग रूममध्ये स्वयंपाकी होते. गाडी आणून थकलेले ड्रायव्हर आणि गार्ड पुढच्या गाडीपर्यंत तिथं झोपत. जो तो आपला शिधा पिशवीत घेऊन येई, पीठ, डाळ, दोन कांदे, आणि हौसरावांनी ज्याचं त्याचं वेगळं शिजवायचं. माणसं जेवत, झोपत, उठून गाडी घेऊन जात. तोंडं लक्षात राहत नसत, पण डाळी राहत. एखादी जाडी तूर बरेच दिवस पिशवीतून निघाली नाही की हौसरावांना वाटे, याची बदली झाली, नाहीतर काहीतरी झालं. विचारायला नाव माहीत नसे. तिथं आग्रहही नसे. ज्याचं पीठ त्याच्या भाकऱ्या, संपल्या की संपल्या. आग्रह घरी होता. घरी मुक्ताबाई होती, आणि तिनं त्यांना स्वयंपाकघराचा उंबरा कधी ओलांडू दिला नाही. "मला घरात नवरा पायजे, आचारी न्हाई," म्हणायची. मग ते बाहेर पाटावर बसत आणि ती आत काय करते ते तिच्या पाठीवरून बघत. मासवडी त्यांना कुणी शिकवली नाही. ती ते पाठीवरून शिकले. कुठल्या वेळी खांदा जोरात हलतो, कुठल्या वेळी कोपर थांबतं, कुठं ती पदरानं मान पुसते.

आजही शनिवारच होता. दुपारी त्यांनी बेसन घाटायला घेतलं तेव्हा हे सगळं खांद्यात होतं. बेसन उकळत्या पाण्यात पडलं की हात थांबवायचा नाही, थांबला की गाठी. पीठ घट्ट होत गेलं, कडेनं सुटू लागलं, वाफ डोळ्यांत गेली. ओल्या फडक्यावर ते थापायचं, वर तीळ-खोबरं-लसणाचं सारण, मग फडक्यासकट गुंडाळी. हात हे करत राहिले आणि डोकं म्हाळूच्या खाली घेतलेल्या आवाजापाशी उभं राहिलं. त्यांची चूल कधीपासून चूल राहिली नाही? पाटी लागली तेव्हापासून? की त्याआधी? घरात शेवटची चूल बंद कधी होती, असा विचार त्यांनी केला आणि लगेच उत्तर आलं, कारण ते तिथंच वाट बघत होतं. चार वर्षांपूर्वी, मुक्ताबाई गेली त्या दिवशी. रिटायर होऊन त्यांना सहा महिने झाले होते. माती देऊन आले, अंघोळी झाल्या, घरात चूल पेटवायची नव्हती. दिवेलागणीला बाळासोची आई, तुळजाबाई, पदराखाली वाटी झाकून पिठलं आणि वर दोन भाकऱ्या घेऊन आल्या, "दोन घास खावा" एवढंच बोलल्या आणि गेल्या. हौसरावांनी घास तोंडात घातला. दिवसभर डोक्यात नुसता घरघराट होता, कोण काय बोलतंय कळत नव्हतं. त्या घासाबरोबर पहिला स्वच्छ विचार आला, आणि तो असा होता की मीठ कमी आहे. बायकोला पोचवून आलेल्या माणसाच्या मनात दिवसातला पहिला स्वच्छ विचार हा यावा. त्यांनी मीठ घेतलं नाही. तसंच, अळणी, सगळं संपवलं. ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती आणि नव्या आजीच्या तोंडीही कधी घातली नव्हती.

सातला गाड्या आल्या. गल्लीतली पोरं बाजूला झाली, समोरच्या रोहिदासनं खिडकी लावून घेतली. दहा जणांत एक विक्रम म्हणून होता, तो प्रत्येक घासाला "ऑथेंटिक" म्हणत होता. एक अनुपमा होती, ती फार बोलत नव्हती, बघत होती. शनिवारी हौसराव काका असत. काकांनी मासवडी वाढली, आजीला जात्यावर बसवली, तिसऱ्या वेळेला रस्सा घेऊन फिरले, "असं कसं, एवढंसं खाता, लाजू नका" म्हणाले. मग, हे ठरलेल्यात नव्हतं, त्यांनी चूलबंद आवतणाची गोष्ट सांगितली. एका माणसाचं काय, चूलबंद काय. का सांगितली त्यांना कळलं नाही. कदाचित दहातल्या एकानं तरी म्हणावं असं वाटत होतं की म्हाळूचं चुकलंच.

"वा!" विक्रम म्हणाला. "आमची तर बाराही महिने बंदच असते, काका. आम्हाला कुणीही बोलवा!" सगळे हसले. काकाही हसले.

जेवणातली भांडी ही या घराची आणखी एक गंमत होती. लग्नामुंजीत भेट आलेली, नावं घातलेली स्टीलची भांडी तेजश्रीनं माळ्यावरून काढली होती आणि म्हणाली होती, हीच मांडायची, पप्पा, हे तर सोनं आहे. पाहुणे एकमेकांच्या वाट्या वाचत, फोटो काढत. अनुपमानं माडगं संपवलं, वाटी पुसली आणि दिव्याच्या उजेडात तिरकी धरली.

"काका, यावर 'सौ. मुक्ताबाई हौसराव शितोळे यांजकडून' असं आहे."

"आमच्या मंडळी," हौसराव म्हणाले.

"हो, पण वरची ओळ घासलीय, ती बघा ना. 'चि. बाळासोच्या लग्नात.' म्हणजे तुम्ही दिलेली ना ही त्यांना? मग इथं कशी?"

"काका, दिलेली भेट परत आणलीत?" विक्रम ओरडला, आणि टेबल पुन्हा हसलं. हौसरावांनी वाटी हातात घेतली. दोन वर्षं ती दर शनिवारी मांडली जात होती. त्यांनी ती शेकडो वेळा धुतली होती. खाली आपलं नाव आहे म्हटल्यावर वरची ओळ कोण वाचतो? 'यांजकडून' पुढं लावलेलं नाव भांड्याच्या मालकाचं कधीच नसतं, देणाऱ्याचं असतं, हे लहान पोरालाही कळतं, आणि त्यांना आपलं नाव दिसलं म्हणून ते आपलं वाटलं. ती पिठल्याची वाटी होती. तुळजाबाईंच्या घरची वाटी ते चार वर्षं ठेवून होते आणि त्यातली दोन वर्षं गावोगावच्या लोकांपुढं मांडत होते. ते हसत राहिले, कारण आग्रहासारखं तेही समाविष्ट होतं.

पाहुणे गेल्यावर त्यांनी नऊ वाट्या घासून पालथ्या घातल्या आणि दहावी सुलटी ठेवली. म्हणजे चुलीचं काही नव्हतं, त्यांना वाटलं. म्हाळूनं आपलं बरं वाटावं म्हणून डेपोचं काढलं. खरं कारण हे. शेजारची वाटी परत न करणारं घर. तुळजाबाई दर खेपेला मांडणीत हात घालत असतील आणि वाटी नसेल, आणि एका गल्लीत राहून तोंडानं मागता येत नसेल. मग वाटलं, नसेल तसं. मग पुन्हा वाटलं, तसंच असेल.

सकाळी वाटी द्यायची ठरली. पण शेजारची वाटी रिकामी परत द्यायची नसते, आणि भरायची तर चूल पेटवावी लागणार, आणि आज बाळासोच्या घरी जेवण होतं. त्यांना एका माणसाचंच आवतण होतं, त्यामुळं चूल पेटवायला कुणाची हरकत नव्हती. त्यामुळंच त्यांना ती पेटवायची नव्हती. त्यांनी चहासुद्धा केला नाही. गॅसची कळ सिलिंडरपाशी वाकून बंद केली. रात्रीची मासवडी उरली होती, पण ती शनिवारची होती. शेवटी डब्यातली साखर वाटीत भरली, वर बोटानं सारखी केली, आणि स्वच्छ टोपी घालून ते चार घरं चालून गेले.

मांडव पडला होता. मागच्या पडवीत तुळजाबाई एकट्याच कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. पंच्याहत्तरी उलटलेली बाई, पण हात झपाझप चालत होते.

"आक्का, ही तुमची वाटी. चार वर्सं झाली, आमच्यातच ऱ्हाऊन गेली."

"कसली वाटी?" त्यांनी मान वर केली. "माज्याकडं आशा चाळीस हायत. मी काय मोजत बसलीया व्हय?" मग साखर बघून वाटी घेतली, बाजूच्या परातीत साखर ओतली आणि रिकाम्या वाटीवरून अंगठा फिरवला. त्यांना वाचता येत नव्हतं. "काय लिवलंय हो?"

हौसरावांनी वाचून दाखवलं. सौ.पाशी ते जरा अडकले. "मुक्ता गेली तवा तुमी पिठलं आनलं व्हतं हिच्यात."

तुळजाबाईंचा अंगठा थांबला. मांडवात कुणीतरी खुर्च्या ओढत होतं.

"त्यात मीठ कमी पडलं व्हतं," त्या म्हणाल्या.

हौसरावांनी टोपी काढून हातात घेतली.

"घरी येऊन पातेल्यातलं खाल्लं तवा कळलं. आता करायचं काय? मयताच्या घरी मीठ घिऊन जानारी बाई कवा बगितलीय का? गप बसले. तुमच्या दारावरनं जाताना दर येळेला ध्यानात येतं. एवढा रेल्वेचा आचारी, काय म्हनला आसंल मनात."

"न्हाई आक्का. मीठ बरोबर व्हतं."

"खोटं बोलताय."

"व्हय," हौसराव म्हणाले.

तुळजाबाई हसल्या नाहीत. त्यांनी कोथिंबिरीची एक काडी उचलली, तिचा पिवळा शेंडा खुडला. हौसरावांना तसंच निघून जाता आलं असतं. विचारायचं नाही असं ठरवूनच ते आले होते. "म्हाळूनं मला एका मानसाचं सांगितलं," ते म्हणाले.

"मीच सांगितलं त्याला तसं सांग म्हनून."

"वाटीमुळं?"

"ह्या वाटीचं काय घिऊन बसलाय तुमी! म्हाळूला म्हनलं, हौसरावाच्या दारात वरडू नगं, आन् समद्यांनी या म्हनू नगं. समद्यांनी म्हनल्यावर त्ये मागं वळून बगत्याल." त्या पुन्हा निवडू लागल्या. "माजा मालक गेला तवा मी बगत व्हते. लई दिस."

पडवीच्या पत्र्यावर ऊन तडतडत होतं. हौसरावांना काल सकाळची ओसरी आठवली, शेजारच्या दारातला म्हाळू, आपली वळलेली मान, आणि आतला पांढरा फ्रीज. बाईनं न बघताच सांगितलं होतं. आपण चोवीस तास एक अपमान जपून सांभाळला, त्याला तीळ-खोबरं लावून गुंडाळला, दहा माणसांना वाढला, आणि तो अपमान नव्हताच. आता तो नाही म्हटल्यावर हातात काय राहिलं ते त्यांना कळेना. अपमान होता तोवर सोबत तरी होती.

"आज चूल पेटवली का?" तुळजाबाईंनी विचारलं.

"न्हाई. च्यापन केला न्हाई."

"मग उपाशी काय उबं ऱ्हाताय? बसा की हितं. ए सारिका, आबास्नी च्या आन गं! आन् जेवल्याबिगर हलायचं न्हाई, सांगून ठिवते."

पंगत मांडवात जमिनीवरच बसली. शेजारचं आख्खं घर ओळीनं बसलं, सात पानं. त्यांच्या शेवटी हौसरावांचं आठवं. बाळासो स्वतः आमटीची बादली घेऊन फिरत होता. त्यांच्यापाशी येऊन म्हणाला, "आबा, तुमच्यावानी न्हाई जमत आमाला, पर घ्या." हौसराव "नको" म्हणाले, पण पानावर आडवा हात धरायला त्यांना उशीर झाला. दोन वर्षं ते फक्त दुसऱ्यांचे आडवे हात चुकवत आले होते. नको म्हणायची सवय मोडली होती. आमटी भातावरून वाहून पानाच्या कडेला गेली. मग मसालेभात, मग पुन्हा आमटी, मग बुंदी घेऊन कोण आलं ते त्यांनी बघितलंच नाही, तोंड खाली घालून खात राहिले. मीठ बरोबर होतं. शेजारच्या पोरानं त्यांच्या पानावरचा लिंबाचा तुकडा उचलला आणि आपल्या आईकडं बघितलं. हौसरावांनी तो त्याला राहू दिला.

निघताना तुळजाबाईंनी वाटी पुन्हा त्यांच्या हातात दिली, बुंदीनं शीग भरलेली. "सांजच्यालाबी पेटवू नका. ह्ये खावा. आन् वाटी आना माघारी."

संध्याकाळी तेजश्रीचा फोन आला तेव्हा हौसराव ओसरीवर बसून बुंदी खात होते, दाणा दाणा. "पप्पा, कालच्यांनी फार छान लिहिलंय. आणि ती वाटीची गोष्ट त्यांना प्रचंड आवडलीय. दर शनिवारी सांगा ती."

"ती वाटी मांडायची न्हाई आता."

"का? आईचं नाव आहे तिच्यावर. आपलीच आहे ना?"

"न्हाई. आपुन दिलेली हाय."

पलीकडं तिच्या कळफलकाचा आवाज येत राहिला. "बरं. आणि हे काय खाताय? कुरुमकुरुम ऐकू येतंय."

"बुंदी."

"नुसती बुंदी? जेवण नाही केलंत? गॅस संपला का?"

हौसरावांनी मान वळवून आत पाहिलं. ओटा पुसलेला होता, शेगडी थंड होती, नऊ वाट्या पालथ्या होत्या. थोडा वेळ ते तिकडंच बघत राहिले.

"न्हाई गं," ते म्हणाले. "आमची समद्यांची जेवनं झाली."